मामांचा कोरा चहा

मी दूध सोडलं. दारू नाही, तंबाखू नाही, संसारही नाही. दूध! एवढ्या एका गोष्टीवरून सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांनी मिळून गेले अडीच महिने माझा जो छळ मांडलाय, तो मी दारू धरली असती तरी मांडला नसता. उलट दारू धरली असती तर चार माणसं काळजीनं घरी आली असती, बायकोशी हळू आवाजात बोलली असती आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली असती. दूध सोडणाऱ्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवत नाही. त्याला विचारतात, ‘का? परवडत नाही का?’

झालं एवढंच की जानेवारीत डॉक्टरांनी माझ्या रक्ताच्या तपासणीचा कागद वाचला, ‘हं’ असा आवाज काढला आणि म्हणाले, “दूध-तूप जरा बेतानं. आणि रोज चाला.” मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली आहेत. वरून ‘जरा बेतानं’ असा आदेश आला की त्याचा अर्थ खालच्या माणसानं लावायचा असतो. मी ‘पूर्ण बंद’ असा लावला. यामागं आणखी एक कारण होतं. ते जतच्या माझ्या बहिणीच्या गोठ्यातलं होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते. ते पुढं सांगावं लागलंच, आणि लोक हसलेच.

“मामा, याला व्हीगन म्हणतात,” आमच्या अंकितानं मला सांगितलं. अंकिता म्हणजे त्याच जतच्या बहिणीची, क्रांतीची मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिचे वडील गेले, तेव्हापासून ती शिक्षणाला सांगलीत, विश्रामबागेत आमच्याकडंच आहे. आता माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. “दूध, दही, तूप, ताक, लोणी, अंडी, मटण, मध, सगळं बंद. जमेल का तुम्हाला?”

“जमेल का म्हणजे?” मी म्हणालो.

आमच्या हिनं माझ्यापुढं कपबशी ठेवली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हणाली, “पंधरा तारखेपर्यंत.” आणि आत निघून गेली. चौतीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला एकदाही वाद घालून हरवलेलं नाही. ती अशी तारीख सांगते आणि आत जाते. त्या क्षणी मी ठरवलं, आता जीव गेला तरी दुधाचा थेंब तोंडात जाणार नाही.

पहिला त्रास चालण्याचा. सांगलीत सहा वाजता रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे ज्याची गाडी बंद पडली आहे असा माणूस, अशी समजूत आहे. पहिल्याच दिवशी मला चौघांनी थांबवलं. “काय हंबीरराव, गाडी बिघडली? बसा मागं.” नको म्हटलं तर त्यांना राग येई. एकानं तर मला जबरदस्तीनं बसवून माझ्याच दारात आणून सोडलं आणि वर म्हणाला, “शेजारधर्म आहे, आभार कसले!” माझी त्या दिवसाची पावलं भरली नऊशे बारा.

मग शेजारच्या दिलावरभाईंनी सोबत यायचं ठरवलं. दिलावरभाईंचं हार्डवेअरचं दुकान आता मुलगा बघतो, त्यामुळं त्यांच्याकडं वेळ आणि सल्ले दोन्ही भरपूर. त्यांचं चालणं घरापासून सुरू होऊन चौकातल्या चहाच्या गाड्यापाशी संपायचं. तिथं ते निवांत बसून दुधाचा दाट चहा बशीत ओतून फुर्रकन ओढायचे आणि मला म्हणायचे, “हंबीरराव, मला एक सांगा. काशीला जाऊन आलात का? काशीला गेलं की माणूस एक वस्तू सोडतो म्हणं तुमच्यात.”

“नाही गेलो.”

“मग नवस?”

“नवस नाही.”

“मग वहिनींशी भांडण!” ते समाधानानं म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत तीन पक्ष झाले. काशी पक्ष, नवस पक्ष आणि भांडण पक्ष. आरोग्य पक्षात मी एकटा होतो.

खालच्या मजल्यावरचा पृथ्वीराज जिम चालवतो. त्यानं माझ्या दंडाला चिमटा काढला. “काका, दूध सोडलं ते ठीक, पण प्रोटीनचं काय? असं पिठल्या-भाकरीवर राहिलात तर मसल गळून जातील.” त्यानं एक मोठा डबा दिला. रोज सकाळी एक चमचा पाण्यात. मी आठ दिवस तो पांढरा चिखल नाक दाबून प्यायलो. अंगात ताकद आल्यासारखं वाटू लागलं होतं. नवव्या दिवशी अंकितानं डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि ओठ दाबून हसू आवरत म्हणाली, “मामा, हे दुधापासूनच बनवतात.”

म्हणजे मी आठ दिवस दूधच पीत होतो! तेही वाळवलेलं! पृथ्वीराजला जाब विचारला तर म्हणाला, “काका, ते दूध नाही, त्यातलं प्रोटीन आहे.” हे म्हणजे चोरानं म्हणावं, मी घर फोडलं नाही, फक्त आतलं सामान नेलं. आमच्या हिनं कॅलेंडरकडं बघितलं. पंधरा तारीख व्हायला अजून दोन दिवस होते. मी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली आणि यावेळी अगदी काटेकोर. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मला तर ताकही बंद होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण मध्ये अंकिताचं लग्न आलं.

मुलगा ऋषिराज. माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडच्या एका गावचा. दोघं विश्रामबागेतल्या कॉलेजात एकत्र होते. एकमेकांना पसंत होते हे आम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, पण रीतसर व्हायला हवं म्हणून सगळ्यांनी अनोळखी असल्याचं सोंग आणलं होतं. मुलाकडची मंडळी जतला येऊन मुलगी बघून गेली. आता आम्ही त्यांचं घर बघायला जायचं होतं. पोरीला वडील नाहीत. चुलते आहेत ते नावापुरते. म्हणजे बोलणारा माणूस मी. मामा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अंकिता माझ्याजवळ येऊन बसली. “मामा, त्यांचे आजोबा फौजेत सुभेदार होते. लय कडक आहेत. सगळं घर त्यांच्या शब्दावर चालतं. तुम्ही फक्त… नेहमीसारखं बोलू नका.”

“नेहमीसारखं म्हणजे कसं?” मी चिडून विचारलं.

“असं,” ती म्हणाली.

दिलावरभाईंच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. मी, आमची ही, बहीण क्रांती आणि गाडी चालवायला खुद्द दिलावरभाई. घर छान होतं. मोठी पडवी, गोठ्यात तीन म्हशी, आणि मधोमध खुर्चीत सुभेदार नाथाजीराव. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पण पाठ अशी ताठ की बघणाऱ्यानं आपली सरळ करावी. ऋषिराजचे वडील मुंबईला गोदीत नोकरीला. ते रजा काढून आले होते आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे कडेला बसले होते. सगळी बोलणी व्यवस्थित झाली. पाणी, पीक, पाऊस, फौज. मी नेहमीसारखं एक अक्षर बोललो नाही.

मग चहा आला. आमच्या भागात हा साधा चहा नसतो. मुलीचा मामा त्या घरचा चहा प्यायला की घर पसंत, सोयरीक पक्की. कप तसाच ठेवला की समजायचं, पाहुणे उठले. म्हशीच्या दुधाचा, साय तरंगणारा, काठोकाठ भरलेला कप माझ्यापुढं धरला गेला. पडवीतली पंधरा माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी हसून, अगदी नम्रपणे म्हणालो,

“दूध नको. मला कोरा चालेल.”

गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली असावी. क्रांतीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की पृथ्वीराजचा चिमटा त्यापुढं आशीर्वाद. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कोरा चहा मयताच्या घरी देतात! माणूस गेला की त्या घरात दूध चुलीवर चढत नाही, भेटायला आलेल्यांना कोरा चहा मिळतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. शेकडो वेळा मी तसा चहा प्यायलो आहे. पण दोन महिने घरी रोज तोच पिऊन पिऊन माझ्या डोक्यातून तो मयतातून उठून डाएटमध्ये जाऊन बसला होता. सोयरीक जुळवायला आलेल्या मामानं भरल्या घरात मयताचा चहा मागितला होता.

“आमच्या घरात कुणी मेलंय व्हय पाव्हणं?” सुभेदार शांतपणे म्हणाले.

मी समजावायला लागलो. रक्ताचा कागद, डॉक्टर, व्हीगन. जितकं बोलत गेलो तितकी माणसं गप्प होत गेली. शेवटी दिलावरभाई मदतीला धावले. “तसं नाही सुभेदारसाहेब, त्यांचं घरात भांडण आहे,” ते म्हणाले. आम्ही उठलो.

दोन दिवसांनी सुभेदारांचा फोन आला. “मामासाहेब, आमी फौजेतली मानसं. हुकूम न्हाई मानला तर कारण लेखी लागतं. आजार असंल तर डॉक्टरचा दाखला धाडा, आमी माफ करू. आजार न्हाई तर मंग आमच्या घरात काय वंगाळ बघितलंसा ते सांगा. येत्या ऐतवारपतुर. त्येच्या म्होरं फलटणची एक पोरगी सांगून आलीया.”

अंकितानं ताट पुढं घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून उठली. नंतर आतल्या खोलीतून नाक ओढल्याचा आवाज आला. मला रडलेलं सोसत नाही. मी तडक सरकारी दवाखाना गाठला.

“कसला दाखला?” तिथल्या कारकुनानं विचारलं.

“दूध न पिण्याचा.”

“तसा नमुना नाही.”

“मग कसला नमुना आहे?”

“तंदुरुस्तीचा आहे. अपंगत्वाचा आहे. वयाचा आहे. वेडाचा पाहिजे असेल तर मंगळवारी या.”

मी संतापलो. म्हणालो, मी स्वतः सरकारी नोकरीत होतो, लोकांना असं हेलपाटे घालायला लावणं शोभत नाही. तो माझ्याकडं निरखून बघायला लागला. “पाटबंधारेतले ना तुम्ही? माझ्या वडलांना पाणीपरवान्याच्या अर्जासाठी सात वेळा परत पाठवलं होतं तुम्ही. ‘तसा नमुना नाही’ म्हणाला होता.” मी रांगेत उभा राहिलो. वजन झालं, उंची झाली, छाती फुगवून झाली. दोन महिने चालून आणि भाजीपाला खाऊन माझी तब्येत, सांगायला वाईट वाटतं, पण अतिशय उत्तम झाली होती. हातात कागद पडला: ‘सदर इसम शारीरिक व मानसिकदृष्ट्या पूर्णपणे सक्षम असून त्यांस कोणताही आजार अथवा दोष आढळून आला नाही.’

शिक्का गोल होता, सही होती, जावक क्रमांक होता. सरकारी कागदाबद्दल मला आयुष्यभर एक आदर आहे. त्या आदराच्या भरात मी त्याचा फोटो काढला आणि पूर्ण न वाचता सुभेदारांना पाठवून दिला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

उत्तर पाच मिनिटांत आलं. “म्हंजी मानूस धडधाकट हाय. आन च्या मुद्दाम नाकारला.”

आता सगळ्यांनी मिळून मलाच घेरलं. क्रांती जतहून फोनवर रडली, “दादा, एक कप चहा रे! विष नाही मागत कुणी!” दिलावरभाई म्हणाले, डोळे मिटून प्या, तोबा कबूल करायला वर बसलाय तो. पृथ्वीराज म्हणाला, काका, एक चीट डे चालतो. अंकिता मात्र काही मागत नव्हती. शेवटी मीच तिला विचारलं, “तू का गं बोलत नाहीस?”

“काय बोलू मामा? बाबा गेल्यावर माझ्यासाठी तुम्ही सगळं केलंत. आता तुमचं व्रत मोडा म्हणायला जीभ रेटत नाही. आणि नका मोडू म्हणायलाही रेटत नाही.”

पण खरं सांगतो, मी आयुष्यात सात वेळा तंबाखू सोडली आणि आठ वेळा धरली. डायरी लिहायची ठरवली ती तीन जानेवारीपर्यंत. पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी टिकलं होतं. आणि ते गोठ्यातलं कारणही होतंच.

मग मला युक्ती सुचली. युक्ती सुचली की मी सावध व्हायला हवं, पण तो अनुभव माझ्या अंगी कधी लागत नाही. मी सांगलीच्या मोठ्या दुकानातून सोयाबीनच्या दुधाचे दोन खोके आणले. दिसायला पांढरं, चहात घातलं की चहा चहासारखा. सुभेदारांचा मान राहील, माझा नेम राहील, पोरीचं लग्न होईल. आमच्या हिच्या पिशवीत खोके दिले आणि बजावलं, “आत जाऊन बायकांना हळूच सांग, माझ्या एकट्याच्या कपात हे घाला.”

“तुम्हीच का नाही सांगत सरळ?” ती म्हणाली.

“तुला कळत नाही,” मी म्हणालो.

रविवारी आम्ही पुन्हा निघालो. यावेळी अंकिताही हट्टानं आली, म्हणाली, जे होईल ते माझ्यासमोर होऊ दे. फाट्यावर मी गाडी थांबवली. गाव दोन किलोमीटर आत होतं आणि माझी पावलं भरायची होती. शिवाय डोकं शांत होईल असं वाटलं. गाडी पुढं गेली. मी चालतोय तोवर माळावरून मेंढरं घेऊन बिरदेव नावाचा एक गडी आला. गाडीतून मी उतरलेलं त्यानं बघितलं होतं.

“काय झालं वं मामा? रुसलासा?”

“रुसलो नाही. व्यायाम आहे.”

“व्हय व्हय,” तो समजूत काढत म्हणाला. “माजा बी मामा असाच उतारला हुता लग्नात. चला, मी बोलतो सुभेदारास्नी.” आणि मेंढरं तिथंच टाकून तो आडवाटेनं पळत सुटला. मी गावात पोचेपर्यंत सहा माणसं मला मनवायला वेशीपर्यंत आली होती. घामेजलेला, धुळीनं माखलेला मामा सहा जणांच्या पहाऱ्यात पडवीत शिरला. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं आणि नुसती मिशी पुसली.

बसलो. चहा आत ठेवला गेला. आमची ही आत गेली होती. पण आतला घोटाळा मला नंतर कळला. तिनं सांगितलं होतं नीटच. मात्र ऋषिराजच्या आईला वाटलं, पाहुण्यांनी शहरातून भारीतलं दूध आणलंय, ते एकट्याच्या कपात कसं घालायचं? सगळ्यांनाच देऊ. दोन्ही खोके त्यांनी पातेल्यात रिकामे केले. आणि माणमध्ये चहा गुळाचा असतो.

गूळ आणि सोयाबीन यांचं काय वैर आहे मला ठाऊक नाही. सतरा कप बाहेर आले आणि सतराच्या सतरा कपांत दूध फाटून गुठळ्या वर तरंगत होत्या. भरल्या घरात, सोयरीकीच्या दिवशी, चहा नासला! पडवीतल्या म्हाताऱ्यांनी कानांना हात लावले. कुणीतरी म्हणालं, “हे बरं न्हाई.” सुभेदार उभे राहिले. अंकिताचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“पाव्हणं,” सुभेदार म्हणाले, “पयल्यांदा मयताचा च्या मागितलासा. मंग धडधाकट असल्याचा दाखला धाडलासा. आज चालत आलासा. आन आता आमच्या चुलीवर च्या नासावला. आजार न्हाई, नवस न्हाई. एकदा तरी खरं बोला. दूध का सोडलं?”

मी अंकिताकडं बघितलं. आणि मग मला रागच आला. सगळ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. म्हणालो, “ऐका मग. डिसेंबरात बहिणीच्या गोठ्यात गेलो होतो. तिच्या म्हशीचं रेडकू मेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं होतं. ती त्याला चाटत होती. चाटत होती आणि पान्हा सोडत होती. माझ्या हातात तिच्याच दुधाचा चहा होता. तो घशाखाली उतरला नाही. मग डॉक्टरांनी कमी करा म्हटल्यावर मी सोडूनच दिलं. हसा आता.”

कोपऱ्यातून दोघं-तिघं हसले. मला वाटलंच होतं. क्रांतीनं मान खाली घातली. सुभेदार काही बोलणार तोच आतल्या दारातून आवाज आला.

“कोण हसतंय रं?”

डोक्यावरचा पदर सावरत सुभेदारांच्या कारभारणी, मनुबाई, बाहेर आल्या. लहानखुरी बाई, कमरेत वाकलेली. हातात पितळी वाटी. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली. आत काळाभोर चहा होता, गुळाचा वास येणारा.

“घ्या पाव्हणं. कोरा हाय.”

“मनू!” सुभेदार ओरडले. “सोयरीकीत कोरा च्या?”

“का? मी रोज पिते की.”

“तू काय पितीस?”

“कोरा. बहात्तरच्या दुष्काळात लगीन हून ह्या घरात आले. गोठ्यात एकच म्हस. तिचं दूध तालुक्याला जायाचं, उरलं तर गड्यांच्या च्यात. बायांच्या वाटंला कोरा. मंग पाऊस आला, म्हशी झाल्या, समदं झालं, पर जिभंला त्योच लागला. पन्नास वर्सं झाली.” त्या खाली बसल्या. “आन पेंढ्याचं रेडकू मी बी उभं केलंय. धार काढताना तिच्या तोंडाकडं बघत न्हाई मी. ह्यांनी बघितलं, म्हून त्यास्नी हसतासा व्हय?”

हसणारे दोघं-तिघं खांबाआड सरकले.

“कोरा च्या मयताचा असंल,” मनुबाई म्हणाल्या, “तर मंग पन्नास वर्सं ह्या घरात मी कुनाचं सुतक पाळतिया?”

सुभेदार खुर्चीत बसले. पाठ पहिल्यांदाच जरा वाकली. “मला म्हाईत न्हाई ते,” ते पुटपुटले. “मनू, खरंच मला म्हाईत न्हाई.”

“तुमी कवा चुलीकडं आलासा?” त्या म्हणाल्या, पण रागानं नाही.

सुभेदारांनी माझ्यापुढची वाटी निरखली. मग म्हणाले, “आनखी एक वाटी आना. मला बी कोराच.” ती आली. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा घेतला. मी माझी वाटी उचलली आणि एका दमात संपवली. जीभ भाजली, पण मामा त्या घरचा चहा प्यायला होता. अंकितानं तोंडाला ओढणी लावली आणि यावेळी ती रडतेय का हसतेय ते मला कळलं नाही. तिथल्या तिथं सुपारी फुटली.

परतीच्या वाटेवर मी अगदी रंगात आलो होतो. “कमाल आहे त्या सुभेदाराची!” मी म्हणालो. “पन्नास वर्षं! बायको कसला चहा पिते हे पन्नास वर्षं माहीत नाही! मग फौजेत काय दिवे लावले असतील? आम्हाला विचारा. आमच्या हिचा चहा म्हणजे आलं जास्त, साखर कमी.”

दिलावरभाईंनी उगाच आरसा नीट केला.

“मामा,” मागून अंकिता हळूच म्हणाली, “मामी चहा पीत नाही.”

“म्हणजे? कधीपासून?”

“असू दे गं,” आमची ही खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. “लग्नाआधीपासून.”

मी संतापलो. चौतीस वर्षं! रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढं कप ठेवून आत जायची ती काय नुसतीच जायची? “मग सांगायचं नाही का?” मी विचारलं.

“विचारलं कुणी?”

विटा गाव मागं पडल्यावर दिलावरभाईंनी एका हॉटेलपाशी गाडी लावली. मालकानं विचारलं, किती चहा? मी म्हणालो, तीन साधे, एक कोरा. मग थांबलो. हिच्याकडं वळून म्हणालो, “तू काय घेणार?”

तिला उत्तरच सुचेना. इतका वेळ सुचेना की मालक दुसऱ्या टेबलाकडं जाऊन आला. शेवटी म्हणाली, “उसाचा रस.”

हॉटेलात रस नव्हता. रसवंती रस्त्याच्या पलीकडं, बरीच पुढं होती. मी चालत गेलो. ऊन चांगलंच लागत होतं. रसवाल्यानं चरकात कांडी घातली आणि विचारलं, “आलं घालू का लिंबू? बर्फ पाहिजे का नको?”

मला माहीत नव्हतं. त्याला थांब म्हणालो आणि विचारून यायला परत निघालो.